आरोपीची उलटतपासणी: शपथ कधी, प्रश्न कोणते, खोटे कसे उघडे पडते

फौजदारी खटल्यात आरोपी खरे बोलतो की खोटे हे न्यायालय ताडून कसे पाहते, याबद्दल या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, म्हणून कलमांचे नवे क्रमांक दिले आहेत आणि जुने कंसात. त्या तारखेला जे खटले प्रलंबित होते ते जुन्या कायद्याप्रमाणेच पुढे चालतात, तेव्हा तुमच्या हातातल्या कागदावर जुना क्रमांक दिसला तर गोंधळू नका.

प्रश्न: चित्रपटांत सरकारी वकील आरोपीवर प्रश्नांची सरबत्ती करतात. प्रत्येक आरोपीची अशी उलटतपासणी होते का?

नाही. आपल्याकडच्या बहुतेक खटल्यांत आरोपीची उलटतपासणी होतच नाही. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. सरकारी वकिलांना तो साक्षीदार म्हणून हवा असला तरी त्याला बोलावता येत नाही, आणि न्यायाधीशांनाही तसा हुकूम देता येत नाही.

उलटतपासणीची वेळ येते ती आरोपीने स्वतः निवडले तरच. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५३ (जुने ३१५) प्रमाणे आरोपी बचावाचा साक्षीदार होऊ शकतो, पण त्यासाठी त्याचा लेखी अर्ज लागतो. अर्ज मंजूर झाला की त्याला शपथ दिली जाते, त्याचा वकील सरतपासणी घेतो, म्हणजे आधी स्वतःचे प्रश्न विचारतो, आणि मग सरकारी वकील उलटतपासणी. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सर्वसाधारणपणे ही सोयच नव्हती. १९५५ च्या दुरुस्तीने कलम ३४२-अ घातले गेले, तेव्हा आरोपीला शपथेवर बोलण्याचा मार्ग मिळाला.

कलम ३५३ मधलीच दुसरी तरतूद आम्हाला तितकीच महत्त्वाची वाटते. आरोपी साक्षीला उभा राहिला नाही, तर त्यावर सरकारी वकिलांनी किंवा न्यायालयाने टिप्पणी करायची नाही आणि त्यातून त्याच्याविरुद्ध कोणताही निष्कर्ष काढायचा नाही. ‘निर्दोष असता तर पिंजऱ्यात येऊन सांगितले असते’ हा युक्तिवाद कोणी केला, तर बचावाच्या वकिलांनी तिथल्या तिथे हरकत घ्यावी आणि ती नोंदवून घ्यावी.

प्रश्न: माझ्या भावाला न्यायाधीशांनी प्रश्न विचारले आणि त्याने उत्तरेही दिली. मग ती साक्ष नव्हती का?

नव्हती. ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ चे (जुने ३१३ चे) परीक्षण होते. सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर, त्यात आरोपीविरुद्ध जे जे आले ते न्यायाधीश त्याच्यासमोर ठेवतात आणि खुलासा मागतात. तिथे शपथ नसते आणि सरकारी वकील उलटतपासणी घेऊ शकत नाहीत. उत्तर नाकारले किंवा खोटे दिले म्हणून शिक्षाही होत नाही. १९६९ चा शपथ कायदा तर स्पष्टच सांगतो की, बचावाचा साक्षीदार म्हणून उभा राहिल्याखेरीज फौजदारी खटल्यात आरोपीला शपथ देता येत नाही.

ही उत्तरे पुरावा नसली तरी न्यायालय ती विचारात घेते. म्हणून प्रत्येक प्रश्नाला ‘खोटे आहे’ किंवा ‘माहीत नाही’ एवढेच ठोकून देण्याची जी सवय पडली आहे, ती अनेकदा घातक ठरते. एखादी गोष्ट फक्त आरोपीलाच माहीत असणे शक्य असेल, तर साक्ष्य अधिनियमाचे कलम १०९ (जुने १०६) आड येते. घराच्या चार भिंतींत, कुटुंबातलेच लोक हजर असताना मृत्यू झाला, तर तिथे काय घडले याचा पटण्याजोगा खुलासा घरातल्यांकडून अपेक्षित असतो. महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हे ठळकपणे मांडले. मात्र आधी सरकार पक्षाने आपला मूळ पुरावा उभा करायला हवा. कलम १०९ ही सरकारची जबाबदारी आरोपीच्या डोक्यावर टाकण्याची सोय नाही.

लेखी निवेदनही देता येते. घटनाक्रम गुंतागुंतीचा असेल, तर आमच्या मते ते द्यावेच.

प्रश्न: आरोपी शपथेवर बोललाच नाही, तर त्याच्या म्हणण्याची पारख होते तरी कशी?

आमच्या मते या विषयाचे मर्म इथेच आहे. आरोपी बोलण्याच्या कितीतरी आधी त्याच्या वतीने त्याचा वकील बोललेला असतो. सरकारी साक्षीदाराच्या उलटतपासणीत शेवटी बचावाच्या सूचना घातल्या जातात, म्हणजे बचावाचे म्हणणे साक्षीदारासमोर ठेवले जाते, आणि त्या नोंदवल्या जातात अशा: ‘हे म्हणणे खरे नाही की, त्या वेळी आरोपी घटनास्थळी हजर नव्हता.’ साक्षीदार सूचना नाकारतो, नाकारणारच. पण त्या वाक्यातून बचाव काय आहे ते कागदावर येते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. रात्री साडेनऊला चाकूहल्ला झाला आहे. पहिल्या साक्षीदाराला सूचना: अंधार असल्यामुळे तुम्ही हल्लेखोराला ओळखले नाही. दुसऱ्याला सूचना: आधी फिर्यादीनेच आरोपीवर हात उचलला. मग कलम ३५१ च्या जबाबात आरोपी म्हणतो, ‘मी त्या रात्री बहिणीकडे होतो.’ तीन ठिकाणी तीन बचाव झाले. दुसऱ्या सूचनेने तर आरोपी घटनास्थळी होता हे जवळजवळ कबूलच केले. ‘ते वकिलाचे वाक्य, माझे नव्हे’ असे म्हणून सुटका होत नाही. सूचना आणि तिला मिळालेले उत्तर हे पुराव्याचा भाग आहेत आणि इतर पुराव्यासोबत ते वापरता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली महाराष्ट्रातल्याच एका खून खटल्याच्या अपिलात सांगितले आहे. केवळ सूचनेवर शिक्षा होत नाही. पण आरोपीची विश्वासार्हता तिथून खचायला लागते.

उलटही खरे आहे. पहिल्या साक्षीदारापासून शेवटच्या जबाबापर्यंत बचाव एकच राहिला, तर तो नंतर सुचलेला नाही हे न्यायालयाला दिसते. म्हणून आरोपीने पहिला साक्षीदार पिंजऱ्यात येण्याआधी आपल्या वकिलाला सगळे सांगितलेले असावे, अडचणीचेही. वकिलाला अर्धे ठाऊक असले की सूचना अंदाजाने घातल्या जातात.

साक्षीदाराचे महत्त्वाचे विधान उलटतपासणीत आव्हान न देता सोडले, तर ते मान्य असल्याचे समजले जाण्याचा धोका असतो. इंग्लंडमध्ये १८९३ साली मांडलेला हा नियम आपली न्यायालयेही पाळतात, आणि तो दोन्ही बाजूंना लागू आहे. आरोपी शपथेवर बोलला आणि सरकारी वकिलांनी त्याच्या मुख्य मुद्द्याला हातच घातला नाही, तर त्याचा फायदा आरोपीला मिळू शकतो.

प्रश्न: मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. आरोपीची उलटतपासणी प्रत्यक्षात कोणत्या क्रमाने होते? ‘तुम्ही खोटे बोलत आहात’ असे म्हटल्याने काय साधते?

त्याने काहीही साधत नाही. उलटतपासणीत आरोपीचे म्हणणे हलवता न येणाऱ्या गोष्टींशी ताडून पाहायचे असते: वेळ, अंतर, कागद, यंत्राची नोंद, त्याचेच आधीचे लेखी शब्द. आवाज चढवून ही तपासणी होत नाही. तयारीत सर्वाधिक वेळ जातो तो अशा स्थिर गोष्टी शोधण्यात आणि त्या आधीच पुराव्यात आल्या आहेत की नाही हे पाहण्यात.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. आरोपी शपथेवर सांगतो की नऊ ते साडेदहा तो बहिणीकडे होता. त्याच्या मोबाईलचा कॉल तपशील मात्र नऊ पस्तीसला घटनास्थळाजवळच्या टॉवरवर कॉल दाखवतो. अननुभवी वकील थेट तो कागद नाकासमोर धरतो. आरोपी म्हणतो, ‘मोबाईल भावाकडे होता.’ संपले.

आधी त्याचे म्हणणे पक्के करून घ्यायचे. बहिणीकडे किती वाजता पोहोचलात, कशाने गेलात, कोण कोण होते, मधे बाहेर पडलात का? हे प्रश्न साध्या आवाजात आणि तुटक विचारायचे, एका प्रश्नात एकच गोष्ट. मग पळवाटा बुजवायच्या, आणि हा टप्पा घाईत उरकायचा नाही. हा क्रमांक तुमच्याच नावावर आहे? दुसरा मोबाईल नाही? हा कोणी दुसरे वापरत नाही? त्या संध्याकाळी तो कोणाला दिला नव्हता? हरवलाही नव्हता? बहिणीकडून कोणाला फोन केलात का? प्रत्येकाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल असे सूचक प्रश्न, जे उलटतपासणीत विचारता येतात आणि सरतपासणीत एरवी येत नाहीत. हे सगळे झाल्यावर कागद दाखवायचा, निशाणी क्रमांक सांगायचा, त्यातली नऊ पस्तीसची ओळ वाचून घ्यायची. आणि इथे थांबायचे. ‘मग मोबाईल तिथे कसा गेला?’ हा प्रश्न विचारण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. तो विचारला की बुजवलेली वाट आपणच पुन्हा उघडतो. त्या विसंगतीचा अर्थ काय, हे अंतिम युक्तिवादात सांगायचे.

इथे तीन गोष्टी हमखास चुकतात. एक, कॉल तपशिलासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे (जुने ६५-ब) प्रमाणपत्र नसते, किंवा तो तपशील कलम ३५१ च्या प्रश्नांत आरोपीसमोर ठेवलेलाच नसतो. जी परिस्थिती आरोपीला खुलाशासाठी विचारली नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली स्पष्ट केले आहे. दुसरी चूक, टॉवरच्या नोंदीतून जेवढे निघते त्याहून जास्त काढणे. टॉवर परिसर दाखवतो, घर किंवा गल्ली नाही. बहिणीचे घर त्याच टॉवरच्या पट्ट्यात येत असेल, तर सगळी इमारत कोसळते.

तिसरी चूक सर्वांत गंभीर आहे. तपासात आरोपीने पोलिसांना जे सांगितले ते पुढे करून त्याला खोटे पाडता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८१ (जुने १६२) तपासातले जबाब वापरू देते ते सरकारी साक्षीदाराशी विसंगती दाखवण्यापुरते. बचावाच्या साक्षीदारासाठी ती सोय नाही, आणि त्या कलमातल्या ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत आरोपीही येतो हे १९३९ पासून ठरलेले आहे. पोलिसांसमोरची कबुली तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे (जुनी २५ ते २७) बादच होते. तिच्यातून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा टिकतो.

मग आधीचे लेखी म्हणणे कोणते वापरायचे? आरोपीने स्वतः दिलेली उलट फिर्याद (तिच्यात कबुली नसेल तर), त्याने पाठवलेली पत्रे आणि संदेश, नोटिशीला दिलेले उत्तर, रजेचा अर्ज, शपथपत्र. पद्धत साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४८ (जुने १४५) मध्ये आहे: विसंगत मजकूर पुराव्यात आणण्याआधी नेमका तोच भाग साक्षीदाराला दाखवायचा, वाचू द्यायचा आणि विचारायचे. सगळा कागद समोर टाकून ‘यात वेगळे लिहिले आहे’ म्हणणे कायद्याला चालत नाही.

उलटतपासणी सरतपासणीतल्या विषयांपुरती मर्यादित नसते, हे आरोपीच्या वकिलांनी अर्ज देण्याआधीच लक्षात घ्यावे. अलिबीचे (घटनेच्या वेळी दुसरीकडे होतो या बचावाचे) दोन मुद्दे सांगायला अशील उभा केला, तरी सरकारी वकील हत्यार, हेतू, जुने वैर अशा खटल्याशी संबंधित कोणत्याही गोष्टीवर विचारू शकतात.

प्रश्न: माझ्यावर पूर्वी एक खटला झाला होता. साक्ष दिली तर तो उकरून काढतील का?

साक्षीदाराची पत हलवणारे प्रश्न विचारता येतात (साक्ष्य अधिनियमाचे कलम १४९, जुने १४६), पण आरोपीच्या बाबतीत त्याआड त्याच अधिनियमाचे कलम ४९ (जुने ५४) उभे आहे. आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य सर्वसाधारणपणे गैरलागू असते, आणि आधी झालेली शिक्षा हा त्या चारित्र्याचाच पुरावा मानला जातो. हे दार आतून उघडता येते ते तुम्हालाच. तुम्ही किंवा तुमच्या साक्षीदाराने ‘हा सज्जन माणूस, आयुष्यात कधी भांडण केले नाही’ असा पुरावा दिला, की त्याला उत्तर म्हणून सरकार पक्षाला जुना इतिहास आणता येतो. उलटतपासणीच्या ताणात हे वाक्य सहज तोंडून निघते आणि ‘साक्षीदार स्वतःहून सांगतो की’ अशा शब्दांनी नोंदले जाते. विचारलेले नसताना स्वतःची तारीफ करू नका.

पुरेशा आधाराशिवाय बदनामीचा प्रश्न विचारायला कलम १५२ मनाई करते. अश्लील प्रश्न आणि निव्वळ अपमानासाठी विचारलेले प्रश्न न्यायाधीश रोखू शकतात. हरकत वकिलाने घ्यायची, आरोपीने वाद घालायचा नाही.

प्रश्न: मी घाबरलो, अडखळलो, तर मला खोटारडे समजतील का?

न्यायाधीशांना साक्षीदाराच्या वर्तनाविषयी शेरा नोंदवण्याचा अधिकार आहे (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३१५, जुने २८०). पण घाम फुटणे किंवा आवाज कापणे यावरून खरे-खोटे ओळखणे धोक्याचे असते, हे अनुभवी न्यायाधीश जाणतात. सराईत माणूस शांत असू शकतो आणि निरपराध माणूस थरथरू शकतो. शिवाय अपिलात उच्च न्यायालयासमोर कागद असतो, चेहरा नसतो.

खरे नुकसान होते ते अंदाजाने. वेळ नक्की आठवत नसताना ‘नऊ वीस’ सांगू नका. ‘नऊ-साडेनऊच्या सुमारास’ खरे असेल तर तेच सांगा. ‘आठवत नाही’ हे प्रामाणिक उत्तर आहे, पण सोयीचे सगळे तपशिलाने आठवते आणि गैरसोयीचे काहीच आठवत नाही, असे झाले की न्यायालयाला ते लगेच खटकते. एका प्रश्नात दोन गोष्टी असतील तर वेगळ्या विचारायला सांगा. प्रश्नात दोनदा नकार असेल, तर नुसते ‘हो’ म्हणू नका, पूर्ण वाक्यात उत्तर द्या.

प्रश्न: चेक न वटल्याच्या खटल्यात आरोपीने साक्ष द्यावी का?

इथे गणित थोडे वेगळे आहे. चेकवरची सही मान्य झाली की परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३९ चे गृहीतक, म्हणजे चेक देणे फेडण्यासाठीच दिला होता हे, तक्रारदाराच्या बाजूने उभे राहते. सही केलेला कोरा चेक दिला होता एवढ्याने ते जात नाही, हे २०१९ च्या निकालात सांगितले आहे. गृहीतक खोडायला आरोपीला संशयातीत पुरावा लागत नाही, संभाव्यतेच्या पारड्यात त्याचे म्हणणे जड ठरले की पुरते. ते तक्रारदाराच्या उलटतपासणीतूनही साधता येते, पिंजऱ्यात जावेच लागते असे नाही. ही भूमिका २०१० पासून स्थिर आहे.

एवढी मोठी रोख रक्कम कुठून आणली, प्राप्तिकर विवरणात ती दाखवली का, या प्रश्नांवर तक्रारदारच गडबडला असेल, तर आरोपीने साक्ष देऊन नवी आघाडी उघडण्याची गरज नसते. पण बचाव ‘चेक हरवला’ किंवा ‘रक्कम फेडली’ असा असेल, तर तो सांगायला बहुधा त्यालाच यावे लागते. तेव्हा त्याला हे प्रश्न येणारच: चेक हरवल्याचे बँकेला कधी कळवले? पोलिसांत तक्रार कोणत्या तारखेला? नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत उत्तर दिले का? फेडीची पावती कुठे? बँकेला दिलेली सूचना चेक परत आल्यानंतरच्या तारखेची असेल, तर ती सादर न केलेलीच बरी.

तक्रारदाराला सरतपासणी शपथपत्रावर देता येते. आरोपीला परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४५ खाली तसा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले.

प्रश्न: आरोपीचे खोटे उघडे पडले, तर खटला तिथेच संपला ना?

मुळीच नाही. माणूस लाजेने, भीतीने, कोणाला वाचवण्यासाठी खोटे बोलतो आणि तरीही त्या गुन्ह्यात निर्दोष असू शकतो. १९८४ च्या त्याच निकालाप्रमाणे खोटा बचाव हा परिस्थितिजन्य पुराव्याच्या साखळीत जादा दुवा ठरू शकतो, पण साखळी आधी सरकार पक्षाने पूर्ण केलेली असेल तरच. तुटलेली कडी आरोपीच्या खोट्याने जोडता येत नाही. अलिबी सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो आणि कसोटी कडक असते. पण ती फसली तरी तो घटनास्थळी होता हे सरकारलाच सिद्ध करावे लागते.

शपथेवरच्या खोट्याचा वेगळा धोका आहे. न्यायिक कार्यवाहीत जाणूनबुजून खोटी साक्ष देण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ (जुने १९३) प्रमाणे ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्याची कारवाई न्यायालय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ (जुने ३४०) खाली सुरू करते. कलम ३५१ च्या उत्तरांना हा धोका नाही.

प्रश्न: साक्ष चुकीची लिहिली गेली तर?

साक्ष पूर्ण झाली की ती साक्षीदाराला वाचून दाखवावी लागते (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३१३, जुने २७८, जुन्या संहितेतल्या ३१३ शी गल्लत नको). ती घाईत सही करून मोकळे होण्याची वेळ नाही. तारखा, वेळा, नावे आणि ‘नाही’ हा शब्द प्रत्येक वाक्यात बरोबर आला आहे का, ते पाहा. चूक दिसली तर तिथेच सांगा. न्यायाधीश ती दुरुस्त करू शकतात. दुरुस्ती मान्य नसेल तर तुमच्या हरकतीचे टिपण करतात. अपिलात वाचले जाईल ते हेच पान.